मास्तरांचा वशिला

बऱ्हाणपुरात १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची आणि ५ सप्टेंबरला शिक्षक दिनाची जी भाषणं होतात, त्यांतली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. गरीब घरचा मुलगा, दिव्याखालचा अभ्यास, जिद्द, परदेशातली पदवी आणि शेवटी देशाची राज्यघटना. ती खरीच आहे. पण अशा कार्यक्रमांच्या स्टेजमागे, हारांच्या टोपल्या आणि माइकच्या वायरी यांच्यामध्ये, मी बरीच वर्षं उभा राहिलो आहे. तिथे चहा पिताना मास्साब, म्हणजे आमची शिक्षक मंडळी, जी गोष्ट सांगतात, तिच्यात नायकाच्या शेजारी आणखी कोणीतरी असतं. अर्ज लिहून देणारं, घरी जाऊन बापाची समजूत घालणारं, मोठ्या माणसाच्या दारात तिष्ठत बसणारं. भाषणात त्या माणसाच्या वाट्याला एखादं वाक्य येतं आणि टाळ्यांच्या आत ते विरूनही जातं.

बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म आमच्याच मध्य प्रदेशातल्या महूचा, १८९१ चा. तिथून पुढे कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला गेलं. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले, आणि हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तिथल्या आंबेडकर मास्तरांनी या मुलाच्या नोंदीत स्वतःचं आडनाव घातल्याची गोष्ट शाळकरी पोरंही सांगतात. त्यातला कमी सांगितला जाणारा भाग मधल्या सुट्टीचा आहे. जेवायला घरी पळत जावं लागू नये म्हणून हे मास्तर स्वतःच्या फडक्यात या मुलासाठी भाजी-भाकरी बांधून आणत. रोज. बाबासाहेबांनी पुढे आठवण सांगितली तेव्हा हेही सांगून टाकलं, की या मास्तरांचं शिकवण्याकडे तसं फारसं लक्ष नसे. गणित, व्याकरण, भूगोल शिकवणारे किती आले नि गेले. आयुष्यभर लक्षात राहिले ते मात्र हे, फारसं न शिकवणारे.

याच भाकरीची दुसरी बाजू स्टेजवर कोणी काढत नाही. मास्तर ती भाकरी मुलाच्या हातात ठेवत नसत, शिवाशीव होऊ नये म्हणून वरून टाकत. माया खरी आणि सोवळंही खरं, दोन्ही एकाच माणसात. हे लपवून मास्तर मोठे होत नाहीत, आणि सांगितल्याने लहानही होत नाहीत. ज्या शाळेत या मुलाला स्वतःचं गोणपाट घेऊन वेगळं बसावं लागे, शिपाई आला नाही तर पाणीही मिळत नसे, त्या शाळेत कोणीतरी रोज त्याची आठवण ठेवून घरून निघत होतं. १९३० साली बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा याच मास्तरांचं मायेनं भरलेलं पत्र आलं, आणि ते त्यांनी जपून ठेवलं.

मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात आल्यावरचा एक प्रसंग मला विशेष आवडतो, कारण त्यात खलनायक कोणी एक नाही, सबंध वर्ग आहे. मास्तरांनी उदाहरण सोडवायला भीमरावांना फळ्याकडे बोलावलं आणि वर्गात एकदम गोंधळ उडाला. पोरं धावत सुटली. काय झालं म्हणून पाहावं तर फळ्याच्या मागे सगळ्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले! हा मुलगा फळ्यापाशी पोचायच्या आत ते हलवायचे होते. डबे निघाले, मग उदाहरण सुटलं. त्या मास्तरांचं नाव इतिहासात नाही, पण ‘तू जागेवरच बस’ असं ते म्हणाले नाहीत, एवढी नोंद तरी आपण त्यांच्या नावावर करायला हवी. त्याच शाळेत ‘शिकून तुला काय करायचंय’ असं सुनावणारे शिक्षकही होते, आणि संस्कृतचं दार बंद केल्यामुळे हा मुलगा फारसीकडे वळला तेही तिथेच. मास्तर दार उघडू शकतो तसा लावूनही घेऊ शकतो.

आता कृष्णाजी अर्जुन केळुसकर. वेंगुर्ल्याजवळच्या केळुस गावचे. विल्सन हायस्कुलात शिक्षक, आणि मराठीतले नामांकित चरित्रकार. बुद्धाचं, तुकोबांचं, शिवछत्रपतींचं अशी मोठी चरित्रं त्यांनी लिहिली. केळुसकर भीमरावांच्या शाळेत शिकवत नव्हते, हे आधी लक्षात घ्या. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एक मुलगा एकटाच पुस्तक घेऊन बसलेला त्यांना रोज दिसे. त्यांनी विचारपूस केली आणि ओळख वाढली. हजेरीपटावर नसलेला विद्यार्थी असा त्यांना बागेत मिळाला.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले आणि सत्कार झाला, ही गोष्ट छापील आहे. छापील गोष्टीत गुण सहसा सांगत नाहीत, ते मी सांगतो. ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबाने ३८ टक्क्यांच्याही आत. परळच्या चाळीत सगळ्या घराला मिळून एक खोली होती. वडील रात्री दोनला मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी लेकींकडून दागिने आणून गहाण ठेवत. त्या खोलीतून आलेले हे २८२ गुण होते. गुणपत्रिका पाहून कोणी या मुलावर पैज लावली नसती. केळुसकरांनी ती लावली, कारण त्यांनी आधी मुलगा पाहिला होता.

सत्काराचीही आतली हकिगत आहे, आणि ती खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. लोक सत्काराची परवानगी मागायला वडील रामजी सुभेदारांकडे गेले, तर त्यांनी साफ नकार दिला. पोरगं एक परीक्षा पास झालंय, त्यात काय एवढं, उगाच डोक्यात हवा जाईल! मंडळी हिरमुसली, पण थेट केळुसकरांकडे गेली. दादा केळुसकर हे वडिलांचे स्नेही. त्यांनी जाऊन वाद घातला, सुभेदारांना नमवलं आणि सभा झाली. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाच्या हातात दिलं. बापाचा नकार टिकला असता तर सभा झाली नसती, आणि ते पुस्तक त्या दिवशी त्या हातात पडलं नसतं. १९५६ मध्ये ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपला बुद्धाकडचा प्रवास सांगितला, तो याच सभेपासून. गंमत म्हणजे चरित्रकार हा सत्कार मॅट्रिकचा म्हणून सांगतात आणि बाबासाहेब स्वतः तो इंग्रजी चौथीचा म्हणतात. त्याहून मोठा चकवा पुढे आहे. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात छापलीच गेली नाही. भगवान दास यांनी बाबासाहेबांच्या दुर्मीळ प्रस्तावना १९८० साली एकत्र छापल्या, तेव्हा कुठे ती वाचकांपुढे आली. मूळ ग्रंथ वाचणाऱ्यांना केळुसकर गुरुजी इतकी वर्षं भेटलेच नव्हते.

पुस्तक देणं त्यातल्या त्यात सोपं होतं. इंटरनंतर रामजींची ऐपत संपली आणि शिक्षण थांबायची वेळ आली. बडोद्याच्या सयाजीराव महाराज गायकवाडांनी मुंबईच्या टाउन हॉलमधल्या सभेत अस्पृश्य समाजातल्या लायक विद्यार्थ्याला मदत करीन असं म्हटलं होतं. सभेतली आश्वासनं सभेतच राहतात हे केळुसकरांना ठाऊक असणार. त्यांनी महाराजांना त्या शब्दाची आठवण करून दिली, भीमरावांना घेऊन भेटीला गेले, महाराजांनी प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपये मंजूर झाले. मोठ्या घरच्या मुलासाठी शब्द टाकायला काका असतो, मामा असतो, बापाचा दोस्त असतो. या मुलासाठी तो शब्द एका शाळामास्तराने टाकला. पंचवीस रुपयांच्या त्या वाटेनेच १९१३ साली न्यूयॉर्कची बोट आली.

कॉलेजात म्यूलर नावाचे प्राध्यापक होते. ते पुस्तकं देत, आणि अंगावर घालायला कपडेही. कपड्यांचं कोणी भाषणात सांगत नाही, कारण महापुरुषाला दुसऱ्याचे कपडे घालायला लावणं बरं दिसत नाही. पण वर्गात पहिल्या बाकावर बसण्याची हिंमत कधीकधी धड सदऱ्यातून येते, हे बऱ्हाणपुरातल्या कुठल्याही सरकारी शाळेतल्या बाईंना विचारा.

लंडनमध्ये वेगळीच तऱ्हा. बाबासाहेबांचा रुपयावरचा प्रबंध परीक्षकांना पचला नाही, आणि १९२३ साली तो सुधारून आणायला सांगितलं गेलं. पैसे संपलेले, म्हणून मुंबईला परतून त्यांनी काम पुरं केलं आणि मग पदवी मिळाली. पुस्तक निघालं तेव्हा त्याची प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली, आणि विद्यार्थ्याची मतं आपल्याला पटत नाहीत हे त्याच प्रस्तावनेत स्पष्ट सांगितलं! तरी विचारांचा ताजेपणा कबूल केला, आणि स्वतःचं नाव त्या पुस्तकामागे उभं केलं. मला हा पाठिंबा फार वरच्या दर्जाचा वाटतो. आपल्यासारखंच बोलणाऱ्या शिष्याला जवळ घेणारे पुष्कळ असतात. वाद घालणाऱ्या शिष्याची पाठ राखायला मोठं काळीज लागतं.

आणि एक हुकलेली भेट. कोलंबियात जॉन ड्यूई यांच्या वर्गात बाबासाहेब बसले होते. १९५२ च्या जूनमध्ये तेच विद्यापीठ त्यांना सन्मानाची डॉक्टरेट देणार होतं. आता म्हातारे गुरू भेटतील या आशेने ते विमानात बसले. समारंभ ५ जूनला होता, आणि १ जूनला, बाबासाहेब वाटेतच असताना, ब्याण्णव वर्षांचे ड्यूई गेले. बाबासाहेबांनी पत्नी माईसाहेबांना पत्र लिहून हळहळ कळवली. आपलं सगळं बौद्धिक आयुष्य आपण ड्यूईंना देणं लागतो, असा त्या पत्राचा भाव आहे. तोवर ते देशाचे कायदामंत्री होऊन गेले होते आणि घटना लागू होऊन दोन वर्षं झाली होती. भेट हुकल्याचं दुःख मात्र विद्यार्थ्याचंच होतं.

मास्तरांचा हा वशिला आपल्याकडे जुनाच आहे. जोतिबा फुल्यांना वडिलांनी शाळेतून काढून मळ्यात घातलं होतं, हे माहीत असतं. परत कोणी पाठवलं? शेजारचे फारसी-उर्दूचे शिक्षक मुन्शी गफार बेग आणि लिजिट साहेब. या दोघांनी वडील गोविंदरावांच्या मागे लागून पोराला १८४१ साली पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत घालायला लावलं. उर्दू आणि मराठी एका गल्लीत ऐकणाऱ्या आमच्या बऱ्हाणपुराला हा किस्सा अधिक कळतो. पुढे जोतिबा-सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात १८४८ ला मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळांत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मुन्शीजींनी मळ्यातून परत पाठवलेल्या मुलाची ही विद्यार्थिनी, आणि वय अवघं चौदा.

भाऊराव पाटलांचे वसतिगृहांचे किस्से तर महाराष्ट्राला तोंडपाठ आहेत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या धान्यासाठी मंगळसूत्रही दिलं, तेही. पण रयत शिक्षण संस्था १९१९ साली निघायच्या आधीचा एक मुलगा मागे राहून जातो. शाळेत वर्गाच्या बाहेर बसवलेला एक महार मुलगा भाऊरावांनी पाहिला, त्याला सोबत घेतलं आणि कोल्हापुरात शाहू महाराजांच्या मदतीने चालणाऱ्या मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन घातलं. ते वसतिगृह भाऊरावांना चांगलंच ठाऊक होतं. विद्यार्थी असताना त्याच्या उद्घाटनाला गेले, परतल्यावर शुद्धीची अंघोळ करणार नाही म्हणाले, आणि त्यापायी त्यांना स्वतःच्या वसतिगृहातून बाहेर पडावं लागलं होतं. तो वर्गाबाहेरचा मुलगा म्हणजे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला आणि ते लंडनला गेले, तेव्हा त्याचे संपादक झाले ते हेच घोलप. मुंबईच्या कायदेमंडळातही ते बसले. भाऊराव स्वतः मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेले. पुणे विद्यापीठाने त्यांना १९५९ साली डी.लिट. दिली, आणि त्याच वर्षी ते गेले.

शिक्षणशास्त्र याकडे कसं पाहतं, तेही सांगतो. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, मोडलेली घरं, आजारी आई-बाप यांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही नीट उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात बहुधा घराबाहेरचं एखादं माणूस ठामपणे पाठीशी असलेलं आढळलं, आणि ते माणूस अनेकदा शिक्षक होतं. कवाई आमच्यापासून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे. पण आमच्या जिल्ह्यातल्या नेपानगरच्या शाळेत हा निष्कर्ष सांगितला तर स्टाफरूममध्ये कोणाला नवल वाटणार नाही.

आमच्या जिल्ह्याचा आतला कारभार आता सांगायला हवा. २००३ साली खंडव्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, साडेसात लाखांवर वस्ती, त्यात सुमारे तीस टक्के आदिवासी. खकनार आणि नेपानगरकडच्या पोरांच्या घरी बारेली किंवा कोरकू, शहरातल्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत उर्दू, केळीच्या पट्ट्यात निमाडी आणि आमची खानदेशी वळणाची मराठी. शाळेचं पुस्तक हिंदीत. पहिलीतलं मूल गप्प बसलं की त्याला मंद ठरवायला वेळ लागत नाही. ‘पाणी प्यायचं का’, ‘आई कुठे गेली’ एवढं ज्या शिक्षकाला त्या मुलाच्या बोलीत विचारता येतं, त्याच्या वर्गात तेच मूल दिवाळीआधी बडबडायला लागतं.

खरी नाट्यं मात्र आठवीत होतात. केंद्राची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. आठवीत परीक्षा, पास झालं तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. रक्कम मोठी नाही, पण आठवीनंतर पोरीला घरी बसवायचं की नववीत घालायचं, या घरातल्या वादात ती पारडं झुकवते. अभ्यास हा यातला सोपा भाग. आमच्या राज्याच्या समग्र आयडीत नाव एक, आधारात दुसरं, शाळेच्या दाखल्यात तिसरं. ‘सुनीता’ची ‘सुनिता’ झाली तरी संगणक अर्ज परत फेकतो. साताऱ्यात नोंद मास्तरांच्या हातात होती, आता ती सर्व्हरच्या हातात आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं. आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी कळतं, की ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो बापाच्या खिशात आहे, आणि बाप ऊसतोडीला महाराष्ट्रात. मग मास्साब मुकादमाचा नंबर शोधतात, मुकादम फडात माणूस पाठवतो, बाप आकडे ओरडून सांगतो आणि इकडे अर्ज जातो. यशस्वी विद्यार्थ्यांच्या यादीत त्या मुलीचं नाव येतं. यादीत मुकादम नसतो, मास्साबही नसतात.

यातले कितीतरी मास्साब अतिथी शिक्षक आहेत, हे आमच्या राज्याबाहेरच्या वाचकांना माहीत नसेल. ते कायम नोकरीत नसतात, त्यांची नेमणूक त्या सत्रापुरती असते. पुढच्या सत्रात तीच शाळा मिळेल याची खात्री नाही, आणि मानधन बेताचंच. ज्या माणसाला कोणत्या पोराचा बाप कोणत्या फडात आहे हे ठाऊक आहे, कोणती मुलगी घरी बसवली जाणार याचा वास आधी येतो, त्यालाच सत्र संपलं की आपण हलवतो. नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून नावं शिकावी लागतात. शाळेला रंग लागतो, स्मार्ट टीव्ही येतो, आणि पोरांना ओळखणारा माणूस जातो. माझं म्हणणं साधं आहे. निदान सहावीत आलेली मुलं आठवी पार करेपर्यंत तरी तोच शिक्षक, अतिथी असो की कायम, त्याच शाळेत राहू द्या. केळुसकरांनी भीमरावांच्या घरी जाऊन सुभेदारांशी वाद घातला, पुढे महाराजांना शब्दाची आठवण दिली, आणि मॅट्रिकपासून न्यूयॉर्कच्या बोटीपर्यंत सहा वर्षं त्या मुलाची खबर ठेवली. दर जूनला त्यांची बदली झाली असती, तर चर्नी रोडच्या बागेत तो मुलगा त्यांना एखादं वर्ष दिसला असता, इतकंच.